खिशात टाका

सर : ...आणि म्हणून मी या निष्कर्षाला आलोय की माणसानं मरणापूर्वी एकदा तरी, निदान एका माणसासमोर, संपूर्ण सत्य बोलावं. त्याशिवाय त्याची सुटका नाही.

बाई : बरं. तो हातातला रेघा आखायचा टी-स्क्वेअर भंगारात टाकायचा की ठेवायचा, तेवढं आधी सांगा.

सर : ठेवायचा.

बाई : मघापासून तुम्ही सगळंच ठेवायचं म्हणताय. भंगाराच्या ढिगात आत्तापर्यंत एकच वस्तू पडलीय, ती माझी कपबशी. आणि ती तुम्ही टाकलीत.

सर : बाई, मी गंभीरपणे बोलतोय.

बाई : ठाऊक आहे. गंभीर झालात की तुम्ही बसण्याआधी खुर्ची पुसता. पुसा आणि बसा. आणि खिडकी उघडा, जीव गुदमरतोय इथं.

सर : माझा उजवा हात वर जात नाही.

बाई : विसरलेच. थांबा, मी उघडते. काय म्हणाले डॉक्टर?

सर : खांदा आखडलाय म्हणाले. सहा महिने तरी लागतील. सव्वीस वर्षं हातानं बोलणाऱ्या माणसाचा खांदा आखडावा, म्हणजे गवयाचा घसा बसण्यातला प्रकार. एका हातानं खुणा करायला गेलो की बोबडं होतं. परवा बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. त्याला म्हटलं, कसा आहेस? त्यानं घड्याळ बघून मला वेळ सांगितली.

बाई : म्हणजे आज मला बोलावलंत ते कपाट आवरायला नाही. माझे हात हवेत तुम्हाला.

सर : दोन्ही हवं होतं. चार वाजता खोडरबर येतोय.

बाई : आपला खोडरबर? कानामागे खोडरबर अडकवून बसायचा, तो?

सर : तोच. पोरांनी नावही तेच पाडलं होतं त्याचं. कानामागे बोट नेलं की खोडरबर. आता स्वतःची कचेरी आहे त्याची, चार माणसं आहेत हाताखाली. या खोलीचं काम त्याच्याकडे आलंय. मापं घ्यायला येतोय.

बाई : स्वच्छतागृहाचं काम.

सर : तो शब्द उच्चारायची इतकी घाई करू नका.

बाई : नोटीस फळ्यावर लागलीय, सर. शेजारच्या सभागृहासाठी स्वच्छतागृह. पुरुष चार, स्त्रिया चार.

सर : सव्वीस वर्षं इथं कर्णबधिर मुलांना वास्तुरचना शिकवली आपण. वास्तुरचना, बाई! प्रकाश, अवकाश, प्रमाण...

बाई : शिकवली म्हणून तर त्यांच्यातलाच एक मापं घ्यायला येतोय. नाहीतर कोणीतरी परका आला असता.

सर : तुम्हाला पहिला महिना आठवतो का?

बाई : तुमची पाठ आठवते. महिनाभर तेवढंच दिसत होतं. फळ्याकडे तोंड करून तुम्ही जिन्याच्या पायऱ्या काढायचात आणि अखंड बोलायचात. मी खुणा करायचे. पोरं माझ्याकडे बघायची तर फळा सुटायचा, फळ्याकडे बघायची तर मी सुटायचे. म्हणून तर तुमचं पहिलं नाव पाठ पडलं.

सर : एक वर्षासाठी आलो होतो हो. कुठल्या तरी मोठ्या फर्मचं बोलावणं येईपर्यंत.

बाई : सगळेच एक वर्षासाठी येतात. मीही लग्न ठरेपर्यंत आले होते.

सर : तुमचं बरं होतं. तुमचे आईवडील दोघंही कानानं अधू, तुम्हाला घरातूनच भाषा मिळाली. मला तर 'बस' आणि 'ऊठ'सुद्धा उलटंसुलटं यायचं. आणि त्यात संगणक आले. एका हातात माउस, डोळे पडद्यावर. आता सांगायचं कसं?

बाई : कळायला तुम्हाला दोन वर्षं लागली. आधी सांगायचं. मग गप्प व्हायचं. मग त्यांना पडदा बघू द्यायचा. गप्प व्हायलाच जास्त वेळ लागला.

सर : शब्दसुद्धा नव्हते. पॅरापेटला खूण नाही, ऑफसेटला नाही, ट्रिमला नाही. तुम्ही बिचाऱ्या एकेक अक्षर बोटांनी काढत बसायचात.

बाई : ट्रिमची खूण पोरांनी केली. नखं कापल्यासारखी. पॅरापेट म्हणजे छातीशी आडवा हात, गच्चीवर कठड्याला रेलल्यासारखा. आणि सेव्ह म्हणजे मूठ खिशात.

सर : खिशात टाका! दर दहा मिनिटांनी मी मूठ खिशात घालायचो. फ्लॉपी घ्या, खिशात टाका. घरी जेवतानासुद्धा हात जायचा खिशाकडे. बायको म्हणायची, पोळी लपवताय का?

बाई : आता मुद्द्यावर या. त्याला काय सांगायचंय?

सर : त्या दिवशीचं. वीज गेली त्या दिवशीचं.

बाई : वीज गेली नव्हती, सर.

सर : ...म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

बाई : मी दारापाशीच उभी होते. दाराशेजारी दोन बटणं. वरचं दिव्यांचं, खालचं सगळ्या खोलीचं. पोरांचं लक्ष वेधायला आपण वरचं दोनदा उघडझाप करायचो. हाका मारून उपयोग नाही, म्हणून दिवे. त्या दिवशी पाचला ड्रॉइंग जमा करायची होती. पाचला पाच कमी असताना तुम्ही धडपडत उठलात आणि न बघता खालचं दाबलंत. बारा पडदे एका क्षणात काळे.

सर : तेरा. माझाही होता.

बाई : आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, यांना सांगा, वीज गेली.

सर : आणि तुम्ही सांगितलंत.

बाई : माझं काम ते. जे बोललं जाईल ते हातांनी सांगायचं. खरं आहे का, हे तपासणारा माणूस कॉलेजनं वेगळा नेमायला हवा होता.

सर : मी धावत प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, इमारतीची वीज गेली, मुलांची ड्रॉइंग गेली. प्राचार्य फिरत्या पंख्याखाली बसले होते. म्हणाले, हो ना, फार वाईट झालं. आणि आठ दिवसांची मुदत दिली.

बाई : मग इतकी वर्षं टोचत काय होतं? पोरांना मुदत मिळाली, पोरं पास झाली.

सर : खोडरबर सेकंड क्लासनं पास झाला. त्याचा पहिला नंबर ठरलेला होता, बाई. पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती ठरलेली होती. वाचनालयाचं ड्रॉइंग होतं. आदल्याच दिवशी मी पाहिलं होतं ते. त्यात एक जिना होता... मधला टप्पा इतका रुंद, की दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून, हातांनी बोलत बोलत वर जावीत आणि कुणाच्या कोपराला भिंत लागू नये. वळणाचा कोपरा गोल, म्हणजे पलीकडून येणारा आधीच दिसावा. मी कधीच शिकवलं नव्हतं हे. मला सुचलंच नसतं. मी ऐकू येणाऱ्यांच्या जिन्यांवर वाढलेला माणूस. आठ दिवसांनी त्यानं पुन्हा काढलं ते ड्रॉइंग, तर टप्पा आक्रसलेला, कोपरा काटकोनात. पोराचा हुरूपच गेला. माझ्या एका बोटानं.

बाई : म्हणून तुम्ही फर्ममध्ये गेला नाहीत?

सर : सोमवारी बोलावलं होतं त्यांनी. नमुन्याचं ड्रॉइंग घेऊन या म्हणाले होते. त्या आठ दिवसांत मुलं रोज संध्याकाळी इथं बसायची. मी कसा जाणार? कळवलं, तूर्त जमत नाही. बायको म्हणाली, वीज त्यांची गेली, नोकरी तुमची कशी गेली? तिलाही खरं सांगितलं नाही. मग ते 'तूर्त' चोवीस वर्षं चाललं.

बाई : सर, आला तो. दारात उभाय.

सर : बाई, आत्ता नको. चहा वगैरे होऊ दे आधी.

(खोडरबर आत येतो. चाळिशी ओलांडलेला, खांद्याला पिशवी, हातात लेझरचं मोजयंत्र. तो हातांनी बोलतो. ते सरांना कळतं. सरांचं बोलणं बाई हातांनी त्याच्यापर्यंत पोचवतात.)

खोडरबर : काय आत्ता नको?

सर : बाई! हे सांगितलंत तुम्ही त्याला?

बाई : खोलीत ऐकू न येणारं माणूस असलं की खोलीतलं सगळं बोलणं सांगायचं. नियम आहे माझा. हेही सांगितलं आत्ता.

खोडरबर : सर, खांद्याला काय झालं?

सर : आखडलाय. तू बस. बरा आहेस ना? कचेरी कशी चाललीय?

खोडरबर : बरी आहे. मोठं टेबल घेतलंय. गोल. सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसतात. काय आत्ता नको?

बाई : हा सोडणार नाही, सर. कॉलेजातही असाच होता.

सर : ठीक आहे. ऐक. म्हणजे बघ. मी तुझा गुन्हेगार आहे.

खोडरबर : बाई, पुन्हा सांगा. गुन्हेगार म्हणजे चोरीवाला?

बाई : सर, सोपं करा. भाषणाची खूण नाही माझ्याकडे.

सर : तुमच्या शेवटच्या वर्षी, वाचनालयाचं ड्रॉइंग जमा करायच्या दिवशी, वीज गेली नव्हती. मी चुकीचं बटण दाबलं. आणि खोटं बोललो. तुझं ड्रॉइंग माझ्यामुळे गेलं. शिष्यवृत्ती माझ्यामुळे गेली. चोवीस वर्षं हे माझ्या मनात आहे. मला क्षमा कर.

(खोडरबर पिशवी खाली ठेवतो आणि तोंडावर हात धरतो.)

सर : तो हसतोय का, बाई?

बाई : हो.

खोडरबर : सर, तुमचं नाव काय?

सर : माझं नाव? म्हणजे तुमचं ठेवलेलं? आधी पाठ होतं. नंतर बटण. मी सारखी दिव्यांची उघडझाप करायचो म्हणून.

खोडरबर : उघडझाप कशी करतात? करून दाखवा. डाव्या हातानं.

सर : अशी. खाली-वर, खाली-वर.

खोडरबर : आणि तुमचं नाव?

सर : असं. खाली.

खोडरबर : खाली. एकदाच. वर नाही. ते नाव त्या दिवशी पडलं. संध्याकाळी, बस थांब्यावर. आमच्यानंतरच्या सगळ्या वर्गांना आम्हीच शिकवलं.

सर : म्हणजे तुम्हाला... सगळ्यांना?

खोडरबर : दाराला काच आहे. बाहेर व्हरांड्यात दिवा चालू होता. समोरच्या इमारतीत दिवे चालू होते. तुमचं बोट खालच्या बटणावर होतं. आम्हाला ऐकू येत नाही, सर. दिसतं.

सर : बाई, तुम्हाला हेही माहीत होतं?

बाई : नावाचं माहीत होतं. मला वाटलं तुम्हालाही माहीत असेल. चोवीस वर्षं माणूस ज्या नावानं 'ओ' देतो, ते त्याला कळलेलं असतं असं आपलं मी धरून चालले.

सर : आणि कुणी बोललं नाही! बारा जणांची मेहनत पाण्यात गेली आणि एकानंही तक्रार केली नाही?

खोडरबर : कुठली मेहनत?

सर : अरे, ड्रॉइंग! बारा ड्रॉइंग!

खोडरबर : सर, दिवसातून चाळीस वेळा तुम्ही काय सांगायचात?

सर : काय सांगायचो?

बाई : मूठ दाखवतोय तो तुम्हाला. खिशात घातली.

सर : ...सगळ्यांनी?

खोडरबर : सगळ्यांनी. पाचला दहा कमी असताना. बारा फ्लॉप्या, बारा खिसे. त्या दिवशी सेव्ह न केलेलं ड्रॉइंग या खोलीत एकच होतं. तुमच्या संगणकावर.

सर : ते... ते आपलं असंच होतं.

खोडरबर : मोठ्या फर्मसाठी होतं. तुम्ही वर्गाच्या वेळेत काढत होता.

सर : हे तुला कोणी सांगितलं?

खोडरबर : तुम्हीच. व्हरांड्यात फोनवर बोलत होतात. ओठ दिसत होते काचेतून. 'सोमवारी येतो, नमुना घेऊन येतो, इथं माझी वाट लागलीय.'

बाई : सर, कान लाल झालेत तुमचे.

सर : मग फ्लॉप्या होत्या तर जमा का नाही केल्या? आठ दिवस इथं बसून काय करत होतात तुम्ही?

खोडरबर : ड्रॉइंग सगळ्यांचं एकच होतं. माझं. माझ्या फ्लॉपीतून अकरा जणांनी घेतलं. पाच जणांनी मिरर केलं, डावं उजवीकडे. बाकीच्यांनी खिडक्या बदलल्या, एकानं उत्तर दिशा बदलली.

सर : मिरर! आणि मी शेरा लिहिला होता, 'प्रवेशाच्या दिशेत उल्लेखनीय वैविध्य.'

खोडरबर : कचेरीत लावलाय तो शेरा.

सर : अरे, पण जमा का नाही केलंत?

खोडरबर : वाचनालयात संडास नव्हता.

सर : काय?

खोडरबर : मी विसरलो होतो. जिन्याच्या नादात. माझ्यात नव्हता म्हणून बारा जणांत नव्हता. पाचला दहा कमी असताना कळलं. दोन मजले, शंभर वाचक, संडास शून्य. सगळे माझ्यावर हात उगारून भांडत होते. आणि तुम्ही बटण दाबलंत.

बाई : मला आठवतंय. हात चालू होते खरे सगळ्यांचे. मला वाटलं, उत्साह आहे.

सर : म्हणजे तो टप्पा? जिन्याचा रुंद टप्पा?

खोडरबर : तिथंच बसला संडास. दुसरीकडे जागा नव्हती. पाइप खाली न्यायला कोपरा काटकोनात करावा लागला. परीक्षक म्हणाले, जिना अरुंद आहे. सेकंड क्लास. बरोबर होतं त्यांचं.

सर : चोवीस वर्षं मी...

बाई : सर, पाणी घ्या.

सर : पाणी नको मला. मी एक नोकरी सोडली रे! माझं अख्खं... निदान एकदा कुणी सांगायचं तरी. बारा जण होतात. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर सोमवारी मी गेलो असतो.

खोडरबर : म्हणूनच नाही सांगितलं.

सर : म्हणजे?

खोडरबर : आम्ही बस थांब्यावर मत घेतलं. सांगितलं तर सर सोमवारी जाणार. नाही सांगितलं तर लाजेनं थांबणार. आधीचे दोन सर गेले होते. एक तीन महिन्यांत, एक दिवाळखोरासारखा, दोन्ही हात वर करून. तुम्ही निदान वळायला शिकत होता. अकरा मतं पडली, सांगायचं नाही.

सर : आणि बारावं?

खोडरबर : माझं. सांगून टाकू म्हणालो. तुम्ही माझ्या जिन्यावर फार खूष होता. मला भीती होती, त्याच्याबद्दल आयुष्यभर बोलत राहाल.

बाई : ही भीती खरी ठरली. तू यायच्या आधी दहा मिनिटं तोच जिना चढत होते.

सर : बाई, हे सांगायची गरज नव्हती.

बाई : नियम.

खोडरबर : सर, त्या आठ दिवसांत काय झालं आठवतं? बाईंना पाचला जावं लागायचं, वडील आजारी होते त्यांचे. तुम्ही एकटे आमच्यात. खुणा येत नव्हत्या. पहिल्या दिवशी तुम्ही खिडकीला खिसा म्हणालात, छताला टोपी म्हणालात. आठव्या दिवशी तुम्ही तिला विनोद सांगितलात.

सर : कोणाला?

खोडरबर : वेणीला. तळमजल्याची बीम चुकवणारीला. म्हणालात, तुझं घर उभं राहील, पण फक्त कागदाला टेकून. ती हसली. ऐकू येणाऱ्या माणसानं हातानं सांगितलेल्या विनोदाला हसायची पहिलीच वेळ तिची. अजून सांगते. आता दोन मुलं आहेत तिला, त्यांनाही पाठ झालाय.

सर : विनोद बरा होता का?

खोडरबर : नाही. पण तोंड आमच्याकडे होतं.

(सर रुमाल काढून खुर्चीचा हात पुसू लागतात.)

बाई : सर, खुर्ची पुसू नका आता. बसलेले आहात तुम्ही तिच्यावर.

सर : मला एक सांग. इथं ते... ते जे काही बांधणार आहेस तू. त्यात जागा किती सोडणार आहेस?

खोडरबर : पुरुष चार, स्त्रिया चार. मधला बोळ दोन मीटर चाळीस.

सर : स्वच्छतागृहाला दोन मीटर चाळीस? दीड मीटरमध्ये भागतं.

खोडरबर : दोन माणसं बोलत जातील. कोपर लागायला नको. कोपरा गोल घेतलाय. कच्चा आराखडा बघा, पिशवीत आहे. प्राचार्यांनी विचारलं, हे कशासाठी? मी सांगितलं, हवा खेळायला.

बाई : खोटं बोललास?

खोडरबर : सरांकडून शिकलो.

सर : तोच टप्पा आहे हा. बाई, बघा, तोच आहे! चोवीस वर्षांनी काढला यानं. संडासात काढला, पण काढला.

खोडरबर : या वेळी आधी संडास काढले, सर. मग उरलेल्या जागेत टप्पा. मी मापं घेतो आता, पाच मिनिटं. मग चहाला जाऊ. टी-स्क्वेअर मला द्या, कचेरीत लावतो.

बाई : देवा, एक तरी वस्तू गेली. कपबशी मी घेतेय.

सर : थांबा दोघं. निघण्याआधी मला एक करू दे. इतकी वर्षं वर्ग सुटला की वरचं बटण दोनदा. आज शेवटचं. माझा डावा हात जातो तिथपर्यंत. वरचंच आहे ना हे? बघून दाबतोय, बाई, साक्षीला राहा. खाली-वर. खाली-वर... हे काय? दिवा लागत नाहीये. बाई, मी पुन्हा खालचं तर नाही ना दाबलं?

बाई : नाही, सर. वरचंच दाबलंत. विचारते त्याला.

खोडरबर : खोलीची वीज मी मागच्या आठवड्यातच तोडायला लावली. भिंती पाडायच्या आधी तोडावी लागते.